आप्पा, गोळी घेतलीत का?

आमच्या डिलाईल रोडच्या मंडळाची वेबसाइट मीच बनवली, त्यामुळे चूकही माझीच. अभिप्रायाच्या चौकटीत लोक काय लिहितात ते गाळून घ्यायचं राहून गेलं. म्हणजे तिथे कोणी कोड लिहिला, तर तो साठून राहणार आणि पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर चालणार.

एका सकाळी सगळ्यांच्या फोनवर खिडकी उघडली, "आप्पा, बीपीची गोळी घेतलीत का?"

आमच्या मजल्यावरचे सावंतआप्पा रोज चहाबरोबर मंडळाचे जुने फोटो बघायचे. त्यांची मुलगी नेहा वेबसाइटमधली अशी भोकंच शोधायचं काम करते. तिने मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून दोन वर्षं आप्पा तिचा फोन उचलत नव्हते.

आता चाळ ती चाळ. ज्याला खिडकी दिसेल तो गॅलरीतून विचारणार, "आप्पा, घेतलीत का?" आप्पा वैतागून गोळी गिळायचे.

आठवड्याने मी नेहाला फोन केला. "अगं, हे बरं नाही."

"मग बुजव ना," ती म्हणाली. "उद्या दुसरा कोणी येऊन लोकांचे अकाउंट पळवेल." मग हळूच विचारलं, "घेतात ना रे?"

त्याच दिवशी मी भोक बुजवलं. दुसऱ्या सकाळी आप्पा माझ्या दारात.

"आज ती खिडकी का नाही आली?"

"बंद केली, आप्पा."

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"तिचा नंबर मी काढून टाकलाय. तू लावून दे. गोळी घेतली म्हणून सांगायचंय."