रुंद हाडाची पोर

— नाय मालनबाई, दोन महिन्यांत चवळीची शेंग होत नसती. सत्यशीला मॅडम करून देतात असं कुणी सांगितलं तुम्हाला? फुलंब्रीहून खास माझ्या जिमचा पत्ता काढत आलात, मान्य हाय — पण ऐका. बाहेर बाकावर बसलीय ती मोनिका तुमचीच ना? खांदे रुंद, मनगट जाड — कुणावर गेली, आजीवर? वाटलंच. भिंतीवरची ती तीन चित्रं बघा, काटकुळी, दणकट, गुबगुबीत — अशी नेमकी एकाच चित्रातली कुणी नसती, सगळ्यांत थोडं थोडं असतं. पण हाडाची रुंदी? ती नाय बदलत. चरबी उतरंल, दम वाढंल, वजनं उचलायला लावली तर पोरगी कशी तरतरीत दिसंल — कंबर मात्र तुमच्या जावेच्या पोरीसारखी व्हायची नाय. तिला बघायला पाहुणे दिवाळीनंतर येणारेत? येऊ द्या की.

— उपाशी ठेवून? नाय, मी तसलं करत नाय. आता नाय. केलं होतं एकदा. पोरगी अशीच, रुंद हाडाची, एकोणीस वर्षांची, सोनिया नाव. दिवसभर काकडी अन् ताक, बस. वजन उतरलं तसा मला लई हुरूप — इथल्या बायकांना तिचे फोटो दाखवायची मी. पाळी थांबली, केस गळायला लागले, तरी माझं आपलं चालूच — अजून दोन किलो, अजून दोन किलो. रोज पहाटे, तोंड धुवायच्या आधी काट्यावर उभी करायची. एक दिवस तिथंच कोसळली, डोकं मोरीच्या कठड्यावर —

— काय म्हणता? पहाटे जिममधी मोरी कुठली?

जिममधी नाय. घरी. माझीच पोर हाय ती.

वाचली, व्हय. अकरा दिवस दवाखान्यात होती. आता वैजापूरला मामाकडं राहती. पोटभर जेवती, भाऊ सांगतो — मी गेले की ताटावरून उठती. मागल्या महिन्यात पुरणपोळ्या घेऊन गेले, तर डबा उघडला नाय तिनं. म्हणली, आई, आधी काट्यावर ठेव, किती भरतात बघ.

— पाणी नको मला. तो प्रवेशाचा फॉर्म द्या इकडं, नका भरू. नाय, मोनिकाला आत बोलवू नका — मला बघवणार नाय तिच्याकडं. जा तुम्ही. दार ओढून घ्या जाताना.