ट्रेमधले अण्णा

...आणि वर म्हणतात काय, तर चूक सुकुमारची! का? तर म्हणे त्यानं फोटो काढला! अहो, तुम्हाला सांगतो, सगळं जग सकाळी उठल्यापासून फोटोच काढतंय, मिसळ आली की आधी मोबाइल जेवतो आणि मग माणूस, म्हशीला रेडकू झालं तरी स्टेटस, रेडकू उभं राहिलं की दुसरं स्टेटस, त्याला कुणी काही म्हणत नाही! आणि या एका माणसानं, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करणाऱ्या, दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या सरळ माणसानं एक फोटो काढला, स्वतःच्या सासऱ्याचा, तोही प्रेमानं, तर पाहुण्यारावळ्यांत ही बोंब! आता यात सुकुमारचं काय चुकलं, सांगा!

चुकलं एवढंच, की फोटो काळा-पांढरा होता.

तुम्ही म्हणाल, आजच्या काळात काळा-पांढरा? डोकं फिरलंय का? अहो, पण हळदीच्या धंद्यातला माणूस तुम्ही जवळून बघितलाय का? सकाळी पांढरा शर्ट घालून जातो, संध्याकाळी पिवळा परत येतो. भुवया पिवळ्या, कानाच्या पाळ्या पिवळ्या, शिंकला तर रुमाल पिवळा! एकदा ताप आला म्हणून डॉक्टरकडे गेला, तर डॉक्टरनं जीभसुद्धा न बघता काविळीची तपासणी लिहून दिली, आणि बाकड्यावरचे पेशंट उठून जिन्यात जाऊन बसले! अशा माणसाला एके दिवशी गल्लीतला एक जुना फोटो स्टुडिओ बंद होताना दिसला. मालक सामान बाहेर काढत होता आणि त्या ढिगावर एक जुना फोटो होता, कुणा अनोळखी पैलवानाचा. सुकुमार थांबला. लंगोटाचा रंग कळेना, मातीचा कळेना... पण तो मोडलेला कान, छातीवर तरारलेला घाम, आणि गडी हरून आलाय हे त्या डोळ्यांत, सगळं लख्ख! आणि पिवळं कुठंच नाही! तुम्हाला सांगतो, त्या माणसाचे डोळे आयुष्यात पहिल्यांदा सावलीत बसले.

"रंग काढला की माणूस दिसतो!" त्या दिवसापासून हे त्याचं वाक्य. चहा पिताना हे, हळदीचा भाव करताना हे, झोपेत हे!

स्टुडिओवाल्याचा रिळाचा कॅमेरा घरी आला, मागोमाग फोटो मोठा करायचं यंत्र आलं, ट्रे आले, औषधांच्या बाटल्या आल्या. आता हे सगळं करायचं कुठं? अंधारात! आणि घरात दिवसाढवळ्या अंधार कुठं होतो? बाथरूममध्ये! खिडकीला जतच्या बाजारातलं काळं घोंगडं, वर लाल दिवा, बादल्यांवर फळी, फळीवर ट्रे, आणि आत सुकुमार. दर रविवारी, तासन् तास! बाहेर त्याची बायको गुणमाला डोक्याला शिकेकाई लावून उभी.

"आवं, माझं डोकं वाळलं की!"

"उजेड आत आला तर सगळं मातीत जाईल! उघडू नको!"

"मातीत नको जायला, म्हणूनच धुवालोय न्हवं!"

बरं, एवढं करून फोटो कशाचे? पहिला हळदीच्या ढिगाचा. यार्डातल्या व्यापाऱ्यानं तो उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला आणि विचारलं, "ही हळद हाय का खडी?" दुसरा गुणमालाचा. तिनं चार दुकानं पालथी घालून मोरपंखी साडी घेतलेली, अंगभर जर, नटूनथटून उभी राहिली, आणि फोटोत? "धुणं घेऊन नदीला निघाल्यागत दिसालोय मी!" सुकुमार म्हणतो, "अगं, तुझे डोळे बघ की, काय बोलालेत! रंग काढला की माणूस दिसतो!" ती म्हणते, "माणूस दिसतो, साडी कुठं दिसती? मला काय लोकं रोज बघत्यात!"

आणि मग तिनं अट घातली. "अण्णांचा काढा. अण्णा चांगला म्हणाले तर बाथरूम तुमचं, मी दर रविवारी गुमान बाहेर थांबीन. न्हाई म्हणाले तर हे सगळं भंगारात!"

बाई हुशार, तुम्हाला सांगतो! कारण अण्णा म्हणजे तिचे वडील, समडोळीचे नेमगोंडा अण्णा, यांनी जन्मात कशाला चांगलं म्हटलेलं नाही. लेकीच्या लग्नात पाच पक्वान्नं होती, पंगतीतून उठताना अण्णा म्हणाले, "मीठ बरं होतं." जावयाबद्दल विचारलं तर म्हणायचे, "हाय बरा. वाईटात बरा." या माणसाकडून सुकुमारला कौतुक मिळवायचं होतं. नाहीतर कॅमेरा गेला.

पण गडी हटला नाही. समडोळीला गेला, अण्णांना सकाळच्या उन्हात दाराच्या कट्ट्यावर बसवलं. अण्णा ताठ! चेहरा असा, की पोलिसानं उभं केलंय. सुकुमारनं घाई केली नाही. उन्हाबद्दल बोलला, उसाबद्दल बोलला... आणि अण्णा कॅमेरा विसरले. समोर सुंदरी आक्का, म्हणजे अण्णांच्या कारभारणी, सुपात पावटा निवडत बसल्या होत्या. अण्णांनी सहज तिकडं बघितलं. खटक!

पुढच्या रविवारी बाथरूममध्ये तो कागद औषधात पडला. आता हे ज्यानं बघितलं नाही त्याला काय सांगू? लाल उजेडात कोरा पांढरा कागद पाण्यात हलतोय, हलतोय, काहीच नाही... आणि मग एक राखाडी डाग. डागाची टोपी होते. टोपीखाली कपाळ, कपाळावर नांगरटीसारख्या रेघा, आणि हळूच, तळातून कुणी वर यावं तसे डोळे! सुकुमार ट्रेवर वाकला. एरवी वसकन अंगावर येणारा हा माणूस इतक्या मायेनं बघतो? ओला फोटो घेऊन तो बाहेर आला, मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि आनंदाच्या भरात स्टेटसला ठेवला. खाली एक अक्षर लिहिलं नाही. मोबाइल गप्प करून फ्रिजवर ठेवला, कारण आत नेला तर उजेड पडतो, आणि मोठा फोटो करायला पुन्हा आत जाऊन कडी लावली. आता यात सुकुमारचं काय चुकलं?

अहो, पण आपल्याकडं कसं आहे? जिवंत माणूस रंगीत असतो! वाढदिवसाचा फ्लेक्स बघा, गुलाबी फेटा, गॉगल, मागं उगवता सूर्य, बाजूला वाघ. तोच माणूस गेला की त्याच चौकात, त्याच खांबावर, काळा-पांढरा! ज्या पोराला अजून अक्षर वाचता येत नाही, त्यालासुद्धा लांबून कळतं, इथं टाळ्या वाजवायच्या का हात जोडायचे. आणि इथं तर सख्ख्या जावयानं, काही न बोलता, सासऱ्याचा काळा-पांढरा फोटो ठेवलेला! अण्णांना फोन लावावा, तर अण्णांचा फोन कपाटात, आणि अण्णा मळ्यात.

पहिला फोन गुणमालाच्या भावाचा, कराडहून, भूपालचा. "ताई, अण्णा गेले आन् मला स्टेटसवरनं कळावं? मी काय परका हाय?" गुणमालाच्या हातातलं लाटणं पडलं. दुसरा फोन, तिसरा फोन... भूपालचा लेक अरिहंत नव्या बायकोला घेऊन महाबळेश्वरला गेलेला, तो तळ्यातली नाव अर्ध्यात वळवून निघालासुद्धा! गुणमाला बाथरूमच्या दारावर दोन्ही हातांनी बडवतेय.

"आवं, उघडा! माझे अण्णा गेले वो!"

आतून आवाज येतो, "कुठं गेले? हे काय, इथं यायलेत!"

"आवं, काय बोलालाय तुमी!"

"डोळे आले! नाक आलं! थांब, मिशी यायलीय!"

बाहेर बाईनं हंबरडा फोडला. शेजारच्या बायका गोळा झाल्या, त्यातली एक म्हणाली, "सुकुमारभाऊंच्या डोक्यावर परिणाम झालाय, सासऱ्यावर लय जीव होता." आणि तेवढ्यात दार उघडून सुकुमार बाहेर आला, दोन्ही हातांत परातीएवढा अण्णांचा काळा-पांढरा फोटो, खाली पाणी टपकतंय, आणि चेहऱ्यावर हसू! गुणमालानं फोटो बघितला आणि ती मटकन बसली. "मोठा फोटोबी करून ठेवलासा! म्हंजी तुमाला आधीच ठाऊक होतं!"

"अगं, ही कला हाय! रंग काढला की..."

"गप बसा!"

सुकुमारनं अण्णांना फोन लावला. कुणी उचलेना. पुन्हा लावला. उचलेना. इकडं मोबाइलवर ही थप्पी, "भावपूर्ण", "भावपूर्ण", "देव तुम्हा कुटुंबीयांना"... आणि तुम्हाला सांगतो, एवढी माणसं एकाच वेळी सांगायला लागल्यावर सुकुमारच गाडीची किल्ली शोधायला लागला. खरंच तर नाही? फोटो काढल्याला आठवडा झाला की! पण भेटायला आलेल्या गल्लीनं दोघांना दुपार कलेपर्यंत सोडलं नाही, मग कुठं गाडी समडोळीकडं सुटली. मागच्या सीटवर फोटो पसरलेला, कारण ओला ठेवून आला तर कागद गुंडाळतो. आता यातही त्याचं काय चुकलं?

दारात ही गर्दी! पांढऱ्या टोप्या, पांढरे सदरे, मांडववाल्याच्या खुर्च्यासुद्धा उतरल्यात. सुंदरी आक्का उंबऱ्यावर बसलेल्या, कोरड्या डोळ्यांनी, आणि येईल त्याला एकच सांगतायत, "सकाळी दोन भाकरी खाऊन मळ्याला गेल्यात ते. दोन भाकरी खाऊन कोण मरतंय व्हय?" पण इतकी माणसं रडताना बघून त्यांचाही आवाज बारीक होत चाललेला. मळ्याकडं माणूस धाडलाय, तो अजून आला नाही. सुकुमार फोटो घेऊन उतरला मात्र, गर्दी दुभंगली. कुणीतरी तो हातातून घेतला, खुर्चीवर ठेवला, कुणी हार घातला, कुणी उदबत्ती लावली. सुकुमार म्हणतोय, "आवं, ऐका, हा फोटो मी..." भूपालनं त्याला मिठी मारली. "बोलू नका दाजी, तरास हुईल." अरिहंत अर्ध्या चड्डीत पोचला, हातात स्ट्रॉबेरीचा खोका. खाली ठेवायला जागा नाही, म्हणून तो खोका छातीशी धरूनच रडतोय!

आणि गावातले आकाराम तात्या उभे राहिले. घसा साफ केला. "अण्णा म्हंजी देवमाणूस! कुणाला कवा वावगं बोलले न्हाईत! माझ्यावर तर सख्ख्या भावासारखा..."

"आकाराम," मागून आवाज आला, "काल पाण्याच्या पाळीवरनं तू मला काय म्हणालास रं?"

सगळ्या माना वळल्या. त्या पांढऱ्याफेक गर्दीत एकच रंगीत माणूस उभा होता, सायकल धरून. मळ्यात हळदीला पॉलिश करून आलेले अण्णा! टोपीपासून पायताणापर्यंत पिवळेजर्द, पापण्यासुद्धा पिवळ्या!

"कोण गेलंय?" अण्णांनी विचारलं.  मग त्यांची नजर खुर्चीकडं गेली. आक्का उठल्या, घरात गेल्या, आणि आत एक पातेलं जोरात आदळलं. मग दुसरं. मग हुंदका.

अण्णा फोटोपाशी गेले. हार बोटानं बाजूला केला. बघत राहिले. 

"कुणी काढला?"

"मी, अण्णा."

"माझ्या नाकाजवळ एवढी खोल रेघ हाय?"

"हाय, अण्णा."

"आन् ह्यो बघालाय कुठं?"

"आक्कांकडं. पावटा निवडत होत्या."

अण्णा खाकरले. घरात पातेली थांबली होती. सगळी समडोळी कान लावून उभी.

"बरा आलाय," अण्णा म्हणाले. आणि जरा वेळानं, "लय बरा आलाय."

लय! अण्णांच्या तोंडून 'लय'! आकाराम तात्या खालीच बसले. आणि गुणमाला, एका डोळ्यात बाप जिवंत असल्याचं पाणी आणि दुसऱ्या डोळ्यात बाथरूम गेल्याचं!

मग काय, आलेली माणसं उपाशी कशी पाठवायची? दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून सगळ्या बायका चुलीपाशी, रडणं राहिलं बाजूला, पिठलं-भाकरी, वर अरिहंतच्या स्ट्रॉबेऱ्या! आणि जेवताना एकेक म्हातारा सुकुमारला बाजूला घेऊन म्हणतोय, "दाजी, माझाबी एक काढून ठेवा की. ऐनवेळी पोरं आधारकार्डावरचा लावत्यात, त्यात मी चोरागत दिसतोय." आकाराम तात्यांनी तर हात धुवायच्या आधी नंबर लावला.

सुकुमारला कलावंत व्हायचं होतं. झाला, पण कसला? आता तो दवाखान्यात कुणाला भेटायला गेला तर पेशंट सलाइनसकट उठून बसतो. कॅमेरा गळ्यात घालून गल्लीतून निघाला तर बायका सासूला आत नेतात. आणि समडोळीला अण्णांच्या घराच्या पुढच्या सोप्यात तो फोटो लागला, तर येणारा प्रत्येक पाहुणा चपला काढतो, हात जोडतो आणि चहा घेऊन आलेल्या अण्णांनाच विचारतो, "कवा गेले वो?"

शेवटी अण्णांचा फोन आला. "जावईबापू, फोटो लय बरा हाय. पण खाली मोठ्या अक्षरात 'हयात' लिवून द्या. लाल रंगानं. काळ्या अक्षरात कुणी वाचत न्हाई."

अण्णांना दिलं म्हटल्यावर आकाराम तात्यांना पाहिजे, तात्यांना दिलं म्हटल्यावर कराडच्या पाहुण्यांना पाहिजे. आता दर रविवारी घोंगड्याआडच्या त्या अंधारात ट्रेच्या शेजारी लाल ऑइलपेंटचा डबा असतो. बाहेर गुणमाला डोक्याला शिकेकाई लावून उभी.

"आवं, झालं का?"

आणि आतून थकलेला आवाज येतो, "थांब गं जरा... अजून दोन हयात वाळायचे हायत!"