दीड वाजता बंद पडणारा चार्जर

...तर मंग मले तुम्हीच सांगा, माकडानं चार्जर नेला यात देवरावचा काय दोष? खिडकी उघडी कोणी ठेवली? त्याच्या पोरीनं, दीपानं. कायले? तर म्हणे गरम होते. आता एप्रिलात घाटंजीत गरम नाही होणार तर काय दव पडन? माकड आलं, नव्या लॅपटॉपचा नवा चार्जर उचलला, समोरच्या निंबावर जाऊन बसलं अन् भेंडी चिरावी तशी वायर दातानं चिरून फेकून देल्ली. अन् बोलणी कोणाले? देवरावले. बाबा, तुम्ही घरात असून तुम्हाले दिसलं नाही.

देवराव ताकसांडे म्हणजे, तुम्हाले सांगतो, साधा माणूस नाही. तीस वर्षं आयटीआयात पोट्ट्याईले वायरमनचं काम शिकवलं. घरात सकाळी बुद्धवंदना, अंगारे-धुपारे बापाच्या काळातच बंद झालेले. भूत म्हटलं की तो म्हणे, आधी अर्थिंग पाह्य. अन् पोट्ट्याईले पहिल्याच दिवशी एक वाक्य सांगे, सगळ्या तालुक्याले पाठ आहे... करंटले काय समजते? वायर दिसली की चालला. मालक कोण, नोकर कोण, करंटले काय समजते?

बायको नलू दोन वर्षांपूर्वी वारली. पंचायत समितीत कारकून होती. आता घरात देवराव अन् दीपा, दोघंच. दीपा पुण्याच्या कंपनीचं काम घरून करून राह्यली, सहा महिने कच्ची नोकरी, अन् पक्की करायची का नाही हे गुरुवारी साडेपाचच्या मीटिंगमधी ठरणार होतं. चार्जर गेला शुक्रवारी. नवा मागवला, पण नागपूरवरून याले आठ दिवस. आता काय करान?

देवराव म्हणे, मी आहे ना. त्याच्या घरी लोखंडी पेटी आहे, त्यात जगातल्या मेलेल्या मशिनींच्या वायरी. त्यातून एक जुना चार्जर काढला, काळा, विटकरीएवढा, अर्ध्या आंगाले टेप गुंडाळलेली. कोणाचा, कधीचा, काही आठवण नाही. पण त्याची पिन गोल, अन् नव्या लॅपटॉपचं भोक चपटं. मंग गेला बाजारात जब्बारभाईच्या दुकानात. जब्बारभाईनं बोटाच्या पेराएवढा अडॅप्टर देल्ला, एका बाजूनं गोल पिन घुसते, दुसऱ्या बाजूनं चपटी निघते. जब्बारभाई म्हणे, जुना चार्जर आहे, हळू भरन, पण भरन.

अन् भरलं की हो! शनिवारी सकाळी लावला, चार्जरवरचा हिरवा लाइट लागला, लॅपटॉपनं कुरकुर केली की चार्जर कमजोर आहे, पण एक-एक टक्का चढत गेला. देवराव खुर्चीत बसून असा पाहे, जसा हा करंट त्यानंच पोसलेला.

दुपारी लाइट गेला. म्हणजे गावचा नाही बरं. पंखा चालू, कूलर चालू, त्याच बोर्डावरचा बल्ब चालू. फक्त चार्जरचा हिरवा लाइट गेला. देवरावनं टेस्टर लावला, बोर्डात करंट आहे. मीटर लावला, चार्जरच्या पिनेवर शून्य. हलवला, झटकला, दुसऱ्या बोर्डावर लावला... शून्य. अन् मंग कोणी हात न लावता लाइट परत लागला. घड्याळात दोन. संध्याकाळी पाचले गेला, तो रात्रभर आला नाही.

रविवारी दिवसभर मेल्यासारखा पडून. सोमवारी साडेदहाले चालू. दीडले बंद. दोनले चालू. पाचले बंद. तुम्हाले सांगतो, मिनिटाचा फरक नाही. दीपा म्हणे, बाबा, याच्यात टायमर आहे का? देवराव म्हणे, चार्जरमधी टायमर कुठून येईन. गरम झाला की बंद होत असन. असं म्हणून त्यानं चार्जरले हात लावला, अन् हात तसाच राहून गेला. करंट चालू असताना तो चार्जर थंड होता, माठाच्या बुडासारखा. अन् आता बंद पडल्यावर कोमट झालता... कोणी नुकतंच मांडीवरून खाली ठेवल्यासारखा. देवरावनं हात काढला. स्वतःलेच म्हणे, करंटले काय समजते?

मंगळवारी चार्जर पिशवीत टाकून तो जब्बारभाईकडे. दुपारची वेळ, बाजारात कुत्रंही उभं नाही, दुकानात रेडिओ चालू. जब्बारभाईनं चार्जर लावला, मीटर जोडला. एकोणीस व्होल्ट, एकदम बरोबर. दोघं बसून पाहून राह्यले. एक वाजून एकोणतीस मिनिटं, एकोणीस व्होल्ट. दीड वाजला, अन् आकडा हळूहळू नाही, एकदम शून्य. रेडिओ चालूच. जब्बारभाईनं तीन बोर्ड बदलले. मंग म्हणे, खोलून पाहू. खोलासाठी त्यानं आंगावरची टेप सोडवली, अन् टेपीखाली पांढरी चिठ्ठी निघाली. निळ्या पेनानं, गोल-गोल अक्षरात: नलिनी देवराव ताकसांडे, पं. स. घाटंजी.

हाफिसात चार्जर अदलाबदल होतात म्हणून नाव टाकलं होतं तिनं. तिचा लॅपटॉप भंगारात गेला, अन् चार्जर देवरावनंच पेटीत टाकला होता. इसरला होता.

आता साडेदहा ते पाच म्हणजे काय, हे देवरावले कोणी सांगाची गरज होती का? अठ्ठावीस वर्षं ती दीड वाजता पेन खाली ठेवे अन् हाफिसातून आयटीआयात फोन लावे. जेवले का? एवढंच. हो म्हटलं की ठेवून दे. पाचले टेबल आवरून उठे, समोर साहेब असो की सभापती. अन् ती गेल्यापासून देवराव कधी चारले जेवे, कधी चहा-बिस्कुटावर राहे. शुगर वाढलेली, दीपाले सांगितलं नव्हतं. दीपा कानाले हेडफोन लावून दिवसभर फरसाण खाये, तिनं बापाले सांगितलं नव्हतं.

जब्बारभाईनं चार्जर खोललाच नाही. टेप परत गुंडाळली, दोन्ही हातानं पिशवीत ठेवला अन् हळू आवाजात बोलला, "देवरावभाऊ, हे घरी न्या. याच्यात काही बिघडलेलं नाही."

आता सांगा, मेकॅनिकच असं म्हणे तर माणसानं जावं कुठं?

देवरावनं दीपाले चिठ्ठीचं सांगितलं नाही. रस्त्यानं सगळे हिशेब लावले... ट्रान्सफॉर्मरचा लोड, हाफिसं सुटाची वेळ, व्होल्टेज. एकही बसेना. करंटले काय समजते, करंटले काय समजते, असं पुटपुटत घरी आला. ऊन असं की सावली पायाखाली लपलेली, अन् पिशवीतला चार्जर मांडीले लागे तिथं कोमट.

गुरुवार आला. दीपा दिवसभर कामात, चार्जर कमजोर, जेवढं भरे तेवढं खर्च होये. पाच वाजले अन् हिरवा लाइट गेला. बॅटरी बावीस टक्के. मीटिंग साडेपाचले, एक तासाची तरी. मोबाइलचा चार्जर लावून पाह्यला, लॅपटॉप ओळखच देईना. दीपाचं तोंड उतरलं. देवरावनं तिले चहा ठेवाले पाठवलं, दरवाजा लोटला, अन् बोर्डाजवळ खाली बसला. तीस वर्षं पोट्ट्याईले करंट शिकवणारा माणूस फरशीवर बसला अन् चार्जरशी बोलला.

"नलू, पाच वाजले हे मले माहीत आहे. पोरीची नोकरी पक्की होते का नाही ते आज आहे. मी आज जेवलो नाही. खोटं नाही सांगत. उद्यापासून वेळेवर जेवीन, तिलेही जेवाले लावीन. आज एक तास दे."

काही झालं नाही. बाहेर निंबावर पान हाललं नाही. लाइट लागला नाही. देवरावले स्वतःची लाज वाटली अन्, तुम्हाले सांगतो, त्याहून जास्त वाईट वाटलं.

मीटिंग सुरू झाली. देवराव दाराआडून आकडा पाहे. अठरा. तेरा. नऊ. पलीकडचे साहेब सावकाश बोलणारे, एक वाक्य बोलाले एक टक्का खात. सहा टक्के झाले, पाच झाले... अन् पाच वाजून पंचावन्न मिनिटाले फरशीवर हिरवा लाइट लागला. दीपाचं लक्षही नव्हतं. देवराव दाराआडच खाली बसला. आकडा चढला, सात, दहा, पंधरा. साहेब म्हणाले, अभिनंदन. दीपानं धन्यवाद म्हटलं, लॅपटॉप मिटवला, अन् सहा पंचावन्नले लाइट गेला. एक तास म्हणजे एक तास. ना मिनिट कमी, ना मिनिट जास्त. हाफिसचं काम आहे.

त्या संध्याकाळी देवरावनं दीपाले सगळं सांगितलं. चिठ्ठीही, शुगरही. दीपानं टेप सोडवून ती चिठ्ठी वाचली, अन् मंग भाकरी टाकाले उठली.

आता देवराव दीडले ताटावर बसते. न बसून करते काय? बरं, वाटलं की हे इथंच संपलं. दोन दिवसांनी नागपूरवरून नवा चार्जर आला. कोरा, पांढरा, लेकराच्या दातासारखा. दिवसभर चालला, संध्याकाळी सात वाजताही चालला. दीपा खूश. देवरावचा जुना पेटीत टाकाचा जीव झाला नाही, त्यानं तो त्याच बोर्डावर नव्याच्या बाजूले लावून ठेवला. राहू दे म्हणे, काय खाते.

चौथ्या दिवशी पाच वाजले. जुन्याचा लाइट गेला. अन् मागून नव्याचाही गेला.

दीपानं बापाकडे पाह्यलं. देवरावनं टेस्टर काढलाच नाही. चष्मा पुसला अन् म्हणे, दोघाईले बाजूबाजूले ठेवाचं नव्हतं बाई... हाफिसात नवीन माणूस आला की काम शिकवाची तुह्या मायले भारी हौस होती.