नांतेझाआत्या आणि मीठ

...आणि वर नाबुकालु मलाच म्हणते, तुझीच चूक! आता तुम्हीच सांगा, माझी कशी? बरं, माझी. पण थोडीच! मोठी चूक त्या सिनेमावाल्यांची, ज्यांना जुना चांगला चाललेला सिनेमा पुन्हा काढायची अवदसा आठवली. तुम्हाला सांगतो, सिनेमा बघितल्याशिवाय शब्द देऊ नये.

माझा धंदा तुम्हाला ठाऊकच आहे. अख्ख्या मसाका गावाला ठाऊक आहे. व्हिडिओ हॉलमध्ये पडद्याशेजारी बसायचं, माईक धरायचा आणि परदेशी सिनेमा आपल्या भाषेत सांगायचा. आणि पडद्यावरच्या गोऱ्यांची नावं कोणाच्या लक्षात राहतात हो? म्हणून आपण गावातली देतो, लोक खूश! तर नऊ वर्षांपूर्वी तो जुना काळा-पांढरा सिनेमा लावला. आकाशातून अंडं पडतं, त्यातून लिबलिबीत, हातच हात असलेला राक्षस निघतो, माणसं गिळत सुटतो. त्याच दिवशी सकाळी मंडईत केळीवाल्या नांतेझाआत्यांनी, घडांना सायकल टेकवली म्हणून, माझी चारचौघांत बिनपाण्यानं केली होती. मग काय... राक्षसाचं नाव नांतेझाआत्या! हॉल लोळला हसून. शेवटी डॉक्टरीणबाई त्याच्यावर पोतंभर मीठ ओतते आणि तो गोगलगायीसारखा विरघळून जातो. संपलं.

संपलं कुठलं! तेव्हापासून आत्या मिठाची पुडी घ्यायला गेल्या की दुकानदार काळजीनं विचारतो, "आत्या, हात लावलेला चालेल ना?" नऊ वर्षं, अहो!

आणि मी प्रेमात पडावं कोणाच्या? नाबुकालुच्या. गोड मुलगी, शिवणकाम करते, माझ्या विनोदांना माझ्याआधी हसते. सहा महिन्यांनी कळलं, नांतेझा तिची सख्खी आत्या! आता आपल्यात काय आहे, मुलीच्या घरी मागणी घालायला गेलं की दोन्हीकडच्या मंडळींसमोर आत्यानं उठायचं, वराकडच्या रांगेतून फिरायचं आणि एकापाशी थांबून म्हणायचं, हाच तो. ती म्हणाली, ह्यातल्या कोणाला मी ओळखत नाही, की आणलेल्या भेटींच्या टोपल्या उचलायच्या आणि घरी जायचं.

झोप उडाली माझी. तेवढ्यात त्याच सिनेमाची नवी, रंगीत आवृत्ती आली. घरी बघायची डिस्क, वेष्टनसुद्धा फोडलं नव्हतं. तशीच घेऊन गेलो मंडईत, गुडघे टेकले आणि म्हणालो, आत्या, ह्या वेळी डॉक्टरीण तुम्ही. राक्षसाला तुम्हीच मारणार, माझ्या आवाजातल्या डिस्का घरोघर जातील, नाव होईल तुमचं. आता जुन्यात जी जगली ती नव्यातही जगणारच, नाही का? नाही! म्हणून सांगतो, सिनेमा बघितल्याशिवाय शब्द देऊ नये.

रविवारी दुपारी हॉल खच्चून भरला. आत्या पहिल्या खुर्चीत, ठेवणीतला झगा, नवी गोमेसी नेसून, खांद्याची टोकं अशी उभी. शेजारी नाबुकालु. डिस्कसाठी माझा आवाज टेप होत होता. पहिल्या दहा मिनिटांत एक चष्मेवाला गिळला गेला, तिकडे कोणाचं लक्ष नाही. आमची डॉक्टरीण काय चालते, काय बोलते! मी सांगतोय, पहा नांतेझाआत्यांची हुशारी... आत्या मान डोलावताहेत... आणि डॉक्टरीणबाईच्या मानेतून तिसरा हात निघाला.

अख्खा हॉल माझ्याकडे वळला. माईक चालू. मी म्हणालो, "आत्यांना... जरा सर्दी झालीय." चौथा निघाला, पाचवा निघाला! राक्षस तीच हो! नाबुकालुनं डोळे मिटून घेतले. माझं लग्न त्या पडद्यावर मरत होतं आणि मीच ते सांगत होतो! तेवढ्यात चार तरणी पोरं मिठाचं पोतं घेऊन धावली, ओतलं तिच्या अंगावर. मी खाली बघितलं.

पण... तिनं ते मीठ चाटलं! बोटं चाटूनपुसून, मग चौघांना गिळलं. सिनेमा संपला, जिवंत उरली ती एकटीच.

आत्या उठल्या. म्हणाल्या, "मिठानं काही झालं नाही?"

"नाही, आत्या."

"मागे घे."

घेतलं. तीनदा बघितलं त्यांनी ते मीठ. मग माझ्याकडे वळल्या. "राक्षस म्हणालास त्याचं काही नाही. मंडईत तेवढी जरब लागते. पण चिमूटभर मिठानं मरते ही बाई, असं सांगितलंस गावाला. ते लागलं मला."

तुम्हाला सांगतो, नऊ वर्षं ज्याची लाज वाटायला हवी होती ती मला त्या मिनिटाला वाटली. माफी मागितली, माईकवरच मागितली. आत्या म्हणाल्या, बरं, तो सुरुवातीचा चष्मेवाला कोण? म्हटलं, असाच कोणीतरी. म्हणाल्या, असाच कसा, त्याचं नाव किग्गुंडु. म्हणजे मी! डिस्कवर तसंच गेलं, आणि कसली खपली म्हणून सांगू, कंपालापर्यंत!

गेल्या शनिवारी मागणी घालायला गेलो. आम्ही नऊ पुरुष ओळीनं बसलेले, पांढरे पायघोळ कंझू घालून. आत्या उठल्या, रांगेतून फिरल्या, मला ओलांडून पुढे गेल्या. मी टोपल्यांकडे बघितलं! परत आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि दोनशे पाहुण्यांना खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हाच तो. मी चाखून बघितलाय, चालेल."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या... काय करता!