दुकानातल्या दोन खुर्च्या

तुमी म्हणता, माह्या पुस्तकाच्या दुकानात आजकाल लई गर्दी दिसते. दिसन नाही तं काय! मीच दोन खुर्च्या मांडल्या ना. म्हणलं, अकोल्यातले लोकं बसतीन, दोन पानं वाचतीन, मंग एखादं पुस्तक घेतीन. कायचं घेतात! आता तिथं पोरगी पाहाचे कार्यक्रम चालतात. घरी पोहे केले का साऱ्या गल्लीले समजते, अन् दुकानात भेटले का योगायोग वाटते.

परवा एक पोरगा बापासंग आला. आल्या आल्या त्यानं सगळ्यात जाड कादंबरी उचलली अन् पोरगी येईपर्यंत मांडीवर उघडी धरून बसला. पोरगी आली, पुस्तक पाहून खूश झाली. तासभर दोघं बोलले. चहा मीच पाजला. जमलं! बापानं संग आणलेला पेढा माह्या तोंडात कोंबला.

कादंबरीवर पोराच्या घामाचे डाग पडले होते. मी म्हणलं, "भाऊ, आता हे पुस्तक तं घेऊन जा."

बाप म्हणे, "आता कायले? जमलं ना! सांभाळून ठेवजा, धाकट्याच्या वेळेले कामी येईन."