डबा समोर देऊन या

नको नको नको, पातेलं ठेवून जाऊ नका, अगदी हात जोडते! बसा सगळ्याजणी, ते खोके सरकवा तिकडे आणि बसा, तुमची खीर मी ओतून घेते, पातेलं घासते आणि तुमच्या हातात देते... हो, माहितीये, रिकामं देऊ नये, चिमूटभर साखर घालते त्यात. पण दुसऱ्याचं भांडं या घरात पाच मिनिटंसुद्धा राहणार नाही. का म्हणून काय विचारता? नऊ वर्षं, तुम्हाला सांगते, नऊ वर्षं गेली माझी एका डब्यापायी!

आम्ही ठाण्याच्या खोपटचे. एसटी डेपोच्या मागे, तिसरा मजला, लिफ्ट नाही, चौतीस वर्षं काढली तिथे. मग ह्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला, म्हणून ते चार खोल्यांचं घर विकलं आणि इथे कल्याणला सतराव्या मजल्यावर दीड खोलीचं घेतलं. दीडमधली अर्धी कुठली ते मला अजून सापडायचंय. आणि आमची लेक ऋजुता, ती असते बंगलोरला, तिने तिथून फर्मान काढलं, 'आई, एकच टेम्पो. त्यात मावेल तेवढंच न्यायचं, बाकी सोडून द्यायला शिक.' हिचं काय जातंय सांगायला! हिचे चौथीतले स्केटिंगचे बूट, हिचा फुटका डग्गा, हिच्या कॉलेजच्या फायली, सगळं माझ्या माळ्यावर. ते मात्र राहू दे हं आई, आठवणी आहेत. आणि माझं पुरणयंत्र म्हणजे अडगळ. एकच टेम्पो म्हणे!

बरं, ह्यांची मदत म्हणाल तर फार. हरिहरपंत खुर्चीत बसणार आणि मी काढलेली प्रत्येक वस्तू हातात घेऊन म्हणणार, 'असू दे, लागेल कधीतरी.' तीन बंद पडलेले रेडिओ, लागतील. गाडी विकून बारा वर्षं झाली, तिची छत्री... म्हणजे ते कव्हर हो, लागेल. कोणाला लागेल? पण वाद नको, गुडघे दुखतात त्यांचे. आणि असं करत करत आम्ही माळ्यावर पोचलो, म्हणजे मी पोचले, हे खाली शिडी धरून. तिथे अगदी मागे, कोपऱ्यात, एक स्टीलचा डबा. उचलला तर हा जड! उघडला तर आत खिळे, स्क्रू, कुठल्या कुठल्या कुलपांच्या किल्ल्या. म्हटलं, हा भंगारात. आणि डबा उलटा केला, तर त्यावर नाव घातलेलं... सौ. वासंती प्र. दामले.

शिडीवरून पडले नाही हेच नशीब.

आता ही वासंती कोण ते ऐका. आमची समोरची. दारासमोर दार. पंचवीस वर्षं आमची अशी मैत्री, की मीठ संपलं तर मी हाक मारायचे नाही, सरळ तिच्या ओट्यावरून उचलून आणायचे. दर नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीला आम्ही दोघी बरोबर. एकीने रांग धरायची, दुसरीने चपला सांभाळायच्या. मग एका दिवाळीत तिने मला या डब्यातून चकल्या दिल्या. मी चकल्या काढल्या, डबा घासला, त्यात आपला पातळ पोह्यांचा चिवडा भरला, दारापाशी चपलांच्या कपाटावर ठेवला आणि ह्यांना म्हटलं, 'एवढा डबा समोर देऊन या.' झालं, माझ्या लेखी डबा परत गेला.

जानेवारीत हळदीकुंकू. तळमजल्यावर. यजमानीणबाई वाण म्हणून स्टीलचे डबे वाटत होत्या, आणि ही वासंती अठरा बायकांच्या देखत काय म्हणाली माहितीये? 'सुहासिनीला दोन द्या हो, तिच्याकडे डबा गेला की परत येत नाही.' अहो, मला! मी, जिने उभ्या आयुष्यात कोणाची वाटी ठेवून घेतली नाही! मग माझाही तोल गेला. मी म्हटलं, 'तुझा डबा मी चिवडा भरून परत दिलाय. टेंभी नाक्याच्या देवीची शपथ.' तीही हटेना, मीही हटेना, तिळगूळ तसाच हातात. तिथून जे बोलणं बंद झालं ते झालंच.

नऊ वर्षं! आणि दारं समोरासमोर! मालन आमच्या दोघींकडे कामाला. टाकी धुणार असली की मी म्हणायचे, 'मालन, समोर सांग, पाणी भरून ठेवा.' समोरची दीड हातावर उभी असायची, ऐकत! ती मालनला म्हणायची, 'बरं म्हणावं.' आणि मालन माझ्याकडे वळून, 'बरं म्हणतायत.' पगार कसला, त्या बाईला वकिलाची फी द्यायला हवी होती. नवरात्रात देवीला मी एकटीच जायचे. वाईट वगैरे काही वाटायचं नाही हं, फक्त चपला सांभाळायला कोणी नसायचं... बरं, वाटायचं. खूप वाटायचं. पण मी देवीची शपथ घेतलेली, मी कशाला मागे हटू?

आणि आता मी शिडीवर, हातात डबा. खाली बघितलं. विचारलं, हा डबा तुम्ही कुठून आणलात? हे म्हणतात, 'अगं, दाराशी होता. चांगला आहे, झाकण घट्ट बसतं.' मी म्हटलं, 'आणि त्यातला चिवडा?'

'छान झालेला,' हे म्हणाले.

म्हणे मी निघालेलोच द्यायला. म्हणे म्हटलं आधी मीठबीठ बघावं. मग बघता बघता एवढासा उरला, आणि एवढासा कसा न्यायचा, बरं दिसत नाही, म्हणून तोही संपवला. आणि रिकामा डबा तर नेता येत नाही, तेवढे संस्कार आहेत ह्यांच्यावर! म्हणून खिळे. मी म्हटलं, अहो, मग नऊ वर्षं तोंडातून शब्द नाही काढलात? तर म्हणे, 'मला वाटलं तुमचं भांडण हळदीकुंकवावरून आहे.'

खाली उतरले आणि डब्याकडे बघत बसले. म्हणजे मी देवीची खोटी शपथ घेतलेली, नऊ नवरात्रं तिच्यासमोर ताठ मानेने उभी राहिले, आणि परवा दिवशी टेम्पो यायचा.

आधी म्हटलं, भंगारात घालू. कोणाला कळतंय? भंगारवाल्याने खाली कंपाउंडात सगळं पसरलं, आणि डबा बसला बरोबर ढिगाच्या टोकावर, नाव वर करून, वासंतीच्या खिडकीखाली! तीन मजले धावत उतरले मी, या वयात, आणि आपलीच वस्तू चोरावी तशी तो पदराखाली घालून वर आले. मग मालनला म्हटलं, तू घेऊन जा. तिने नाव वाचलंसुद्धा नाही. म्हणाली, 'हा समोरच्या काकूंचा. मी घासलाय कितीदा. मला नको बाई, माझ्यावर आळ यायचा.' हे म्हणाले, 'त्यात काय, दारात ठेव, बेल वाजव आणि ये पळून.' पळून! चौसष्टाव्या वर्षी! आणि रिकामा?

निघायच्या दिवशी सकाळी टेम्पोवाला सहदेव दारात हजर. घर सगळं खोक्यांत. आणि मला काय झालं कोण जाणे, मी 'किचन चार' फाडलं. त्यात पडदे. 'किचन दोन' फाडलं, त्यात ह्यांचे रेडिओ! टाकायला काढलेले, तिन्ही! शेवटी 'देवघर' लिहिलेल्या खोक्यात कढई आणि पोहे सापडले. सहदेव म्हणतो, काकू, सिलेंडर काढू का? म्हटलं, थांब बाबा, पोहे भाजतेय. तो बिचारा ह्यांच्याकडे बघतो, हे म्हणतात, 'मीठ बघू का?' मी झारा उगारला. मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या, पाठीमागे घर रिकामं होतंय, आणि मी नऊ वर्षांपूर्वीचा चिवडा करतेय!

बेल वाजवली. ठरवलेलं असं, की सगळं ह्यांच्यावर ढकलायचं, ढकलण्यासारखंच होतं. पण दार उघडलं, ती समोर, केस किती पांढरे झालेत हिचे, रोज बघत होते तरी कधी बघितलं नव्हतं... आणि माझ्या तोंडून निघालं, 'वासंती, तुझा डबा. माझ्याच घरात होता. चुकलं माझं.'

तिने डबा घेतला. चष्मा कपाळावरून खाली आणून नाव वाचलं. झाकण काढून चार दाणे तोंडात टाकले. म्हणाली, 'दाणे जरा करपलेत.' आणि डबा घेऊन आत गेली. मी उंबऱ्याबाहेर उभी. आतून भांड्यांचा आवाज, नळाचा आवाज. खाली सहदेव हॉर्न मारतोय.

पाच मिनिटांनी बाहेर आली, हातात तोच डबा, आणि तो माझ्या हातात ठेवला. गरम! आत दशम्या, वर लसणीची चटणी. अहो, पाच मिनिटांत दशम्या होतात का? ही बाई पहाटेपासून करून, झाकून ऊन ठेवून बसलेली, द्यायच्या कशा ते कळत नव्हतं तिला. म्हणाली, 'तिथे आज कुठे गॅस लावत बसणार. मला वाटलं, तू न सांगताच जाणार.' मी रडायलाच लागले. तीही. मग डोळे पुसून म्हणते कशी, 'डबा सावकाश परत कर. नऊ वर्षांची सवय आहे मला.'

तर असा तो डबा त्या एकाच टेम्पोत, माझ्या मांडीवर बसून, दुर्गाडीच्या पुलावर दोन तास अडकून इथे आला. दशम्या पुलावरच संपल्या, सहदेवनेही खाल्ल्या. पुरणयंत्र तिकडेच राहिलं, रेडिओ मात्र तिन्ही आलेत. म्हटलं, गुरुवारी खोपटला जायचं, डबा भरून न्यायचा, आणि नवरात्रात आम्ही दोघी देवीला, तेही ठरलं. माफी मागायचीय ना मला तिथे. काल डबा घासला, पुसला आणि त्या ओट्यावर पालथा घातला.

आज सकाळी ओट्यावर डबा नाही.

ह्यांना विचारलं. हे त्या गुडघ्यांनिशी स्टुलावर उभे, पडद्याची दांडी लावतायत. म्हणाले, 'अगं, स्क्रू ठेवायला काही नव्हतं, हा रिकामा दिसला.' ... काय बोलू, सांगा! एकच टेम्पो होता म्हणून निम्मा संसार मी मागे सोडून आले, आणि हा माणूस बघा, ड्रायव्हरशेजारी बसून आला.