छातीतली तात

तुंई... तुंई... तुंई... लहानपणी बापाच्या कापूस पिंजायच्या धनुकलीचा, तिच्या ताणलेल्या दोरीचा, म्हणजे तातीचा, हा आवाज ऐकत मी कापसाच्या ढिगात झोपी जायचो, आणि तुम्हाला सांगतो, आता म्हातारपणी तीच तात माझ्या छातीत घुसली की हो! काम आटोपून निवांत बसलोय, कवाडातून ऊन आलंय, उन्हात कापसाचे तंतू तरंगतायत, त्यांच्यासंगं मीही चाललोय कुठंतरी वर वर... आणि एकदम धड धड धड! घाम काय, थरथर काय, श्वास म्हणून पुरत नाही! वाटतं, नूरुद्दीन पिंजारी, भरले तुझे दिवस. घटकाभरानं सगळं शांत. बाकी मी ठणठणीत!

राहात्यात वैद्य कमी आहेत का? आसाराम पैलवान म्हणाला, "चाचा, बेंबी सरकलीया तुमची!" आणि पोटात असा अंगठा रुतवला, की बेंबी राहिली जागेवर, मीच सरकलो! शेजारची मुक्ताबाई म्हणाली, "पित्त हाय, लिंबू चोखा." चोखलं. दात आंबले, छातीला पत्ताच नाही! आमची बायको जरीना तर म्हणाली, "जलमभर कापूस गिळला, आत गादी झाली आसंल!" आता आत गादी असती, तर एवढा आवाज आला असता का? तुम्हीच सांगा!

पण लेकीचं लग्न तोंडावर आलेलं. म्हटलं, शकिलाला निरोप द्यायला तरी उरावं. गेलो नगरला, डॉक्टरकडे. त्यानं नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि म्हणाला, "चाचा, काळीज तरण्या पोराचं आहे."

"मग वाजतंय कशाला?"

"मूत्रपिंडावर टोपीसारखं काहीतरी असतं, दोन्हीकडं. माणूस भ्याला की त्यातून रस सुटतो, रक्तात जातो, मग काळीज धावतं, श्वास धावतो. वाघ आला तर पळता यावं, म्हणून अंगाची ती सोय."

वरती एक टोपी, आत आणखी दोन, आणि मला दमडीची खबर नाही! मी म्हटलं, "साहेब, राहात्यात वाघ कुठला?"

"नसला तरी अंगाला दिसतो कधीकधी. कधीपासून होतंय हे?"

मी बोटं मोजली. "शकिलाचं लग्न खर्ड्याला ठरलं, तेव्हापासून."

डॉक्टर हसला नाही. म्हणाला, "धनुकलीच्या तालावर श्वास घेत चला, सावकाश. श्वास लांबला की काळीज निवतं."

आणि निवलं हो! तात वाजली की श्वास सोडायचा, तुंई... सोडला... तुंई... कापूस ढगासारखा वर येतोय, ढगात माझी शकिला दुडुदुडु चालतेय... पण हात थांबला की पुन्हा धड धड! मग मी थांबतोय कशाला?

आता आमची रीत ऐका. लेकीच्या गादीचा कापूस बापानंच पिंजायचा, शेवटचा टाकाही बापाचाच. टाका पडला की गादी बैलगाडीत चढते, आणि मागोमाग लेक. म्हणून मी खोळ भरायचो, थोपटायचो, आणि पुन्हा रिकामी करायचो. "अजून कचरा आहे!" दोनदा, चारदा, आठदा! अर्धा कापूस उडून मुक्ताबाईच्या वाळवणावर बसला. "चाचा, माझं पापड म्हातारं झालं!" ती ओरडतेय. जरीना कपाळ बडवतेय, "आवो, उद्या वरात हाय! कापूस पिंजताय का हवा?"

"डॉक्टरनं सांगितलंय!" मी म्हणतोय. बाकी मी ठणठणीत!

तेवढ्यात शकिला आली. केसांत कापूस, भुवयांवर कापूस... क्षणभर वाटलं, माझी आईच आली. तिनं माझ्या हातातली धनुकली काढली, खुंटीला टांगली. राहिलेला कापूस खोळीत भरला, आणि दोरा ओवलेली सुई माझ्या बोटांत दिली.

"पोरी, थोडा कचरा राहिलाय गं..."

तिनं तळहात माझ्या छातीवर ठेवला. धड धड धड...

मी म्हटलं, "काही नाही, वाघ आलाय. बाकी मी ठणठणीत!"

तिनं खोळीचं तोंड माझ्यापुढं धरलं, म्हणाली, "तुंई...", आणि मी श्वास सोडत शेवटचा टाका घातला.